ओळख पटवायला

मुंबईच्या गोदीत बोट फुटली त्याला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा आमच्या कर्जतला ते आरोग्य प्रदर्शन आलं. स्फोटाचा आणि प्रदर्शनाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो लोकांनी जोडला.

स्फोट झाला त्या दिवशी आमच्या भागातली बरीच माणसं गोदीत ओझी वाहत होती. काहींचे देह मिळाले, काही जण भाजलेल्या अंगानं परत आले, आणि काहींचं काहीच कळलं नाही. त्यांच्या घरची माणसं गणपतीला वाट बघत, शिमग्याला वाट बघत, आणि मधल्या दिवसांत त्यांचा विषय काढत नसत.

प्रदर्शन स्टेशनाजवळच्या एका भाताच्या वखारीत मांडलं होतं. पोती एका अंगाला रचून मधे टेबलं लावली होती. टेबलांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत पिवळट पाणी आणि पाण्यात माणसाच्या आतले अवयव. काळीज, मूत्रपिंड, विडी ओढणाऱ्याचं फुप्फुस, हिवतापानं सुजलेली पानथरी, म्हणजे प्लीहा. टोकाला एका लाकडी चौकटीत सांगाडा टांगला होता. वखारीत शिरलं की भाताच्या वासात मिसळलेला औषधाचा झणझणीत वास नाकात जाई आणि डोळ्यांना पाणी सुटे. येणारा प्रत्येक जण डोळे पुसत बाहेर पडायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आत कोणीतरी गेलं आहे.

प्रदर्शनाबरोबर आलेल्या कंपाउंडरचा घसा पनवेलला आणि खालापूरला ओरडून ओरडून बसला होता. पाट्या सगळ्या इंग्रजीत. समजावून सांगायला कोणी आहे का, असं त्यानं गावात विचारलं आणि कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी शाळेतून निवृत्त होऊन वाचनालयाच्या किल्ल्या सांभाळत होतो. माझ्याकडे शरीरशास्त्राचं एक जुनं पुस्तक होतं, तेवढ्यावर मला जाणकार ठरवण्यात आलं. मला नाही म्हणता आलं नाही. मी वेताची छडी घेऊन सांगाड्याशेजारी उभा राहू लागलो. माणसांकडे बघून बोलणं मला जमत नाही, म्हणून मी बरण्यांकडे बघून बोलायचो.

बघणारी माणसं मात्र मोकळी होती. काळ्या पडलेल्या फुप्फुसापुढं एक जण बराच वेळ उभा राहिला आणि सोबत्याला म्हणाला, "सोडली पायजे रं विडी. चल भाईर, शेवटची वढू." पानथरीची बरणी बघून एक बाई म्हणाली, "ही तं आमच्या घरात समद्यांच्याच पोटात हाय. येवडी मोटी नाय पन कोनाची."

बघून झालं की सगळे थेट नदीवर जात. मयताला जाऊन आल्यावर करतात तशी अंघोळ करून मगच घरात पाऊल टाकायचं, असं कोणी न सांगताच ठरून गेलं होतं. उल्हासच्या घाटावर दिवसभर माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी मारत होती. मी ज्यांच्या खानावळीत जेवायचो त्या इंदूबाईंनी पहिल्याच दिवशी मला उंबऱ्याबाहेर थांबवलं.

"मास्तर, अंघोळ केलीत?"

"सकाळीच केली."

"सकाळची नाही विचारत. मढ्यांची."

"इंदूबाई, नुसत्या बरण्या आहेत हो त्या."

"बरण्यांत लोणचं नाही ना घातलेलं? नदीवर जाऊन या. भात गरम ठेवते."

तेव्हापासून मी रोज वखारीतून निघून नदीवर आणि नदीवरून खानावळीत जाऊ लागलो.

एके दिवशी साजगावहून एक म्हातारा आला. तो प्रत्येक बरणीपुढं थांबून वाकून बघत होता. सांगाड्यापाशी आला तेव्हा मी छडी उचलली, तसा म्हणाला, "त्ये ऱ्हाऊं द्या मास्तर. येवडंच आनलंय, का अजून मानसं हायेत?"

"अजून म्हणजे?"

"माझा पोरगा उंच व्हता. ह्यो बुटका हाय."

हळूहळू उलगडा झाला. सरकारनं गोदीतली बेवारस माणसं औषधात घालून जपली आहेत आणि आता गावोगाव फिरवून ज्याचा माणूस त्याच्याकडून ओळख पटवून घेत आहेत, अशी बातमी खालापुराकडून निघून आमच्याकडे पोचली होती. पोलीस पाटील पुरात वाहून आलेलं मढं झाकून ठेवतो आणि आसपासच्या गावांना बघून जायला सांगतो, तसंच हे, असं लोकांनी धरलं होतं. मी म्हाताऱ्याला समजावून सांगितलं की हे शिकवण्यासाठी आहे, त्याचा गोदीशी संबंध नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल," तो म्हणाला. "पन ह्यात माझा पोरगा नाय, येवडं तं झालं." आणि आला होता त्यापेक्षा हलक्या पायांनी गेला.

मग मला त्या गर्दीत दोन तऱ्हेची माणसं दिसायला लागली. काही जण काळीज बघायला आलेले असत. काही जण कोणाला तरी बघायला.

गौराबाई दुसऱ्यांतली. ती पोशीरहून चालत आली होती. चाळिशीची असेल. कपाळावर कुंकू होतं, पण अगदी बारीक, असून नसल्यासारखं. तिनं बरण्यांकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्यापाशी आली.

"मास्तर, ह्याचं तोंड उगडतं का?"

सांगाड्याचा खालचा जबडा तारेवर होता. मी छडीनं तो जरा खाली ओढला. तिनं पुढं होऊन दात बघितले.

"नाय," ती म्हणाली. "आमच्या मानसाच्या म्होरल्या दातांत फट व्हती. भाताचं शीत अडकायचं."

नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. नवशा हे नाव मला पुढं तिच्या दिराकडून कळलं. ती पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली. पायी आल्यानं दमली असावी. दुपारची वेळ होती, वखारीत फारसं कोणी नव्हतं. माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली, त्यामुळे मलाही नीट ऐकता आलं.

तिला मूल नव्हतं. तिचा दीर येसाजी, त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्याची मुलगी मैना हिनंच वाढवली. आता मैनाचं लग्न ठरलं होतं, वैशाखात.

"हळद लावायला सवाष्नी लागत्यात," गौराबाई म्हणाली. "दीर म्हनतो, वैनी, तू लाव. आमची आत्याबाय म्हनते, आदी खबर आना, आपशकून नको पोरीला. दोन वरसं आसंच चाललंय. बाया मला बलावतबी नायत, नि नको येऊस आसंबी म्हनत नायत. मी गेले का गप बसत्यात."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचं? तो आसंल तं हळद लावीन. नसंल तं भाईर बसीन. दोनीतलं एक काय तं कळूं दे. तिचं न्हानंधुनं मी केलं, मास्तर. नि हळदीच्या दिशी मी कुडं उभी ऱ्हाऊ?"

ती उठली, पदर झटकला आणि दाराकडे निघाली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला कंपाउंडर घोगऱ्या आवाजात हसून म्हणाला, "बाई, डोकं काय बघत बसलीस? डोकं एकाचं, हात दुसऱ्याचे, पाय तिसऱ्याचे. तारेनं जोडलाय सगळा. अख्खा माणूस कुठं मिळतो हल्ली?"

गौराबाई दारातून मागं वळली.

"पाय कोनाचं?"

"ते मला काय ठाऊक? मुंबईतल्याच कोणाचे तरी."

ती परत सांगाड्यापाशी आली. "आमच्या मानसाची उजवी नडगी मोडली व्हती. जांभळीवरनं पडला तवा. वैदूनं कांबट्या बांदून जुळवली, पन टेंगूळ ऱ्हायलं. वरनं दिसायचं नाय. पाय चेपताना हाताला लागायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला डोळ्यानं नाय कळायचं. हात लावूं द्या."

कंपाउंडरनं पाटीकडे बोट केलं. हात लावू नये, एवढं मात्र मराठीत लिहिलं होतं. "सगळ्यांनी हात लावला तर पुढच्या गावात काय दाखवू मी?" तो म्हणाला. गौराबाईनं वाद घातला नाही. थोडा वेळ त्या पायांकडे बघत उभी राहिली आणि गेली.

त्या संध्याकाळी नदीवर मी रोजच्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात होतो. माझी बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेली. तिचा चेहरा मला आता आठवत नाही. आठवतो असं वाटतं तेव्हा तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो, अशी शंका येते. घरी येऊन मी पुस्तकातलं नडगीच्या हाडाचं चित्र उघडून पाहिलं. सरळ, गुळगुळीत, प्रत्येक भागाला नाव दिलेलं. ते कोणाचंच हाड नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर बघणाऱ्यांना बंदी केली. बरण्या पेंढ्यात बसवून खोक्यांत भरायच्या होत्या. कंपाउंडर बैलगाडी ठरवायला गेला आणि मला म्हणाला, येईपर्यंत बसा. मी एकटा होतो. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर गौराबाई उभी होती. आत आली नाही.

मी उठलो. हात लावू नये, ही पाटी चौकटीवरून काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

ती पुढं आली, चौकटीपुढं उकिडवी बसली. आधी डाव्या पायाला हात लावला. घोट्यापासून वर, गुडघ्यापर्यंत. तिनं डोळे मिटले होते. मग उजवा पाय दोन्ही हातांत धरला आणि अंगठे हळूहळू वर सरकवत नेले. मधल्या भागाच्या जरा खाली ते थांबले. तिथंच राहिले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण त्या वखारीत सगळ्यांच्याच ओघळायचं, माझ्याही ओघळत होतं, त्यावरून मी काही ठरवू शकलो नाही.

मग तिनं पदराच्या टोकानं ते हाड पुसलं. घोट्यापर्यंत पुसून घेतलं आणि उठली.

"नाय," ती म्हणाली. "ह्यो नाय."

आणि गेली.

मी चौकटीपाशी गेलो. मग वाकलो. मला स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही, म्हणून आधी डाव्या नडगीवरून हात फिरवला. गुळगुळीत होती. उजवीवर फिरवला. मधल्या भागाच्या जरा खाली हाड जाड झालेलं होतं. मी पुन्हा डावी बघितली, पुन्हा उजवी. मोडलेलं हाड जुळतं तिथं ते जाड होतं, असं पुस्तकात होतं. किती माणसांचे पाय मोडतात, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. पण तिचे अंगठे जिथं थांबले होते तिथंच माझं बोट थांबलं होतं.

कंपाउंडर आल्यावर वखारीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि मी नदीकडे निघालो.

गौराबाई घाटावर होती. अंघोळ झाली होती, ओल्या लुगड्यानं खालच्या पायरीवर बसली होती. कंबरेच्या पिशवीतून तिनं कुंकवाची डबी काढली, पाण्यात वाकून बघितलं आणि कपाळावर कुंकू लावलं. आधीचं होतं त्यापेक्षा खूप मोठं लावलं. मी वरच्या पायरीवर थांबलो.

"मास्तर, शेवाळ हाय पायरीवर," ती न वळता म्हणाली. "जपून उतरा."

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही गेल्यावर मी पण हात लावून पाहिला."

तिनं डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं.

"मैनाची हळद होऊं दे," ती म्हणाली. "मंग बगू."

पाणी बरंच खाली गेलेलं होतं. पलीकडे कोणीतरी म्हशी धूत होतं. उठताना ती म्हणाली, "हळदीला या तुमी. येसाजीचं घर कोनीबी दावील."

मी सहसा कोणाकडे जात नाही. लोक बोलावतात ते रीत म्हणून, असं मला वाटतं, आणि ते बहुधा खरंही असतं. पण पोशीरला गेलो. मांडवाच्या कडेला एका खांबाशी उभा राहिलो. आत बायका धवळे म्हणत होत्या. मैना पाटावर मान खाली घालून बसली होती आणि गौराबाई तिला हळद लावत होती. कपाळाला, गालांना, दंडांना, मग पावलांना. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. आत्याबाई शेजारीच बसून दुसऱ्या बायांना हाका मारत होती.

येसाजीनं मला ओळखलं. तिथंच त्यानं भावाचं नाव घेतलं. "आमचा नवशा यील आता आज ना उद्या," तो म्हणाला. "वैनी सोता जाऊन बगून आली. गोदीच्या मानसांत तो न्हवता. तुमीच व्हता ना थितं?"

"होतो," मी म्हणालो.

गौराबाईनं पानाचं तबक माझ्यापुढं धरलं तेव्हा ती तबकाकडे बघत होती आणि मीही.

मैना सासरी गेली. ज्येष्ठ लागला, आभाळ भरून यायला लागलं. एका सकाळी मी वाचनालयाचं दार उघडत होतो, तर गौराबाई पायरीवर बसलेली. कपाळ मोकळं होतं.

"मास्तर, अंग नसलं तं दिवस कसं घालत्यात? पोथीत बगून सांगा."

मी पोथी काढली. मला ते ठाऊक होतं, पण चूक होऊ नये म्हणून दोनदा वाचलं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात. देठांसकट पानं मांडून डोकं, हात, छाती, पोट, पाय करायचे, दोऱ्यानं बांधायचे, आणि त्याला अग्नी द्यायचा. मी तिला तसं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"पाय निराळं करत्यात?" तिनं विचारलं.

"हो. दोन्ही."

"बरं."

"घरी काय सांगितलंत?"

"कळलं म्हनून सांगितलं." ती उठली. "कोनाकडनं कळलं, त्ये कोनी बायकोला इचारत नाय."

पानं आणायला येसाजी आणि त्याचा गडी रानात गेले होते. भटजी नेरळहून आले होते. मी अंगणात एका बाजूला होतो. पोथी वाचून मीच सांगितलं म्हणून मला बोलावलं होतं, त्यामुळे उभं राहण्याला निदान कारण होतं. गौराबाई ओटीच्या खांबाला टेकून लांब बसली होती. भटजी सांगत होते तशी येसाजी पानं लावत होता. डोकं झालं, हात झाले. अंग भरलं. डावा पाय बांधला, मग उजवा.

उजवा बांधून झाला तशी गौराबाई ओटीवरून उतरली. सगळ्यांना वाटलं, पाया पडते आहे. बायका तिला धरायला पुढं झाल्या. ती पानांच्या माणसाशेजारी बसली. केळीच्या सोपाची एक दोरी तिनं ओच्यातून काढली, ती उजव्या पायाच्या मधल्या भागाच्या जरा खाली गुंडाळली, पुन्हा गुंडाळली, आणि तिथं चांगला जाड उंचवटा झाल्यावर बांधून टाकली.

"हे कशाला?" भटजींनी विचारलं.

"आसूं द्या," ती म्हणाली.

भटजींनी येसाजीकडे बघितलं. येसाजी त्या पायाकडे बघत होता. जांभळीखालून भावाला पाठीवर घेऊन तोच आला असणार. त्यानं एकदा वहिनीकडे पाहिलं. मग तोंड दुसरीकडे वळवलं आणि म्हणाला, "आसूं द्या, भटजी. म्होरं चालूं द्या."

मी संध्याकाळी कर्जतला पोचलो. घाटावर कोणी नव्हतं. प्रदर्शन जाऊन दोन-तीन महिने झाले होते, आता मयताशिवाय तिथं कोणी अंगावरच्या कपड्यांनी बुडी मारत नव्हतं. मी पाण्यात उतरलो. पाय चोळताना हात नडगीवर थांबला. मी दोन्ही पाय नीट चाचपून बघितले. सरळ, गुळगुळीत, पुस्तकातल्या चित्रासारख्या नडग्या. कधी झाडावर चढलोच नव्हतो.

ओल्या धोतरानं खानावळीच्या उंबऱ्याशी उभा राहिलो तेव्हा इंदूबाईंनी विचारलं नाही, बघूनच ओळखलं.

"कोण गेलं, मास्तर?"

"पोशीरचा एक जण."

"तुमच्या ओळखीचा?"

मी त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"आत या," इंदूबाई म्हणाल्या. "भात गरम आहे."